सावडीचा ट्रॅक्टर

मु. टेंभुर्णवाडी, पो. हट्टा, ता. वसमत, जि. परभणी
१८ जानेवारी १९९९

श्री. उत्तमसिंग आडे, ओढ्यापलीकडचा तांडा, यांस,

हे पत्र म्हणजे बोलणं नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. मी परवा औंढ्याला जाऊन खात्री करून आलो. देवळाच्या वाटेवर बेलफूल विकणारे एक म्हातारबाबा बसतात, त्यांना विचारलं, "बाबा, नागनाथासमोर बेलभंडारा उचलून एखाद्याशी बोलणार न्हाई म्हणून शपथ घेतली, तर त्याला पत्र लिहिता येतं का?" ते म्हणाले, "शपथ तोंडाची घेतली का हाताची?" म्हटलं, तोंडाची. "मंग हाताला काय तकलीफ हाय?" म्हणजे माझी शपथ शाबूत आहे. बोललो तर माझी जीभ झडो, असं मी म्हणालो होतो. जीभ जागेवर आहे. तुम्ही काय शपथ घेतली ते मला ठाऊक नाही, कारण माझा भंडारा उधळून झाल्यावर मी तरातरा एसटीकडे निघून गेलो होतो. पण तुमचीही तोंडाचीच असणार. तेव्हा उत्तर लिहायला हरकत नसावी.

आणि मी "तुम्ही" लिहितो आहे ते मान म्हणून नाही. परक्या माणसाला अरेतुरे करायची आमच्या घरात पद्धत नाही, एवढंच.

आता कामाचं. औंढ्यात मुंजाजीचं चहाचं हॉटेल आहे. तिथं बाजाराच्या दिवशी जुने ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या लोकांची बैठक बसते. कोणी आजोबाच्या काळचा उकिरड्यातून उकरून काढलेला, कोणी भंगारातून सोडवून आणलेला. कोणाचं काम कुठवर आलं ते एकमेकांना सांगायचं, फोटो दाखवायचे, सुटे भाग हातात घेऊन भांडायचं, असा कार्यक्रम असतो. मला फार आवडला. येत्या दसऱ्याला सगळे आपापले ट्रॅक्टर सजवून औंढ्यातून मिरवणार आहेत. अट एकच, ट्रॅक्टर स्वतःच्या इंजिनावर आणि स्वतःच्या चाकांवर आला पाहिजे. मुंजाजीनं मला विचारलं, "तुमच्याकडं काय हाय?" मी म्हणालो, "अर्धा."

मग सगळी हकीकत सांगणं भाग पडलं. तुम्हीही त्या बैठकीची चौकशी करताय असं कानावर आलं आहे. उद्या तुम्ही तिथं जाऊन वेगळंच काही सांगितलं तर दोघांचंही हसं होईल. म्हणून मी काय सांगितलं ते लिहितो. चुकलं असेल तर कळवावं.

मी सांगितलं ते असं. आमची दोघांची शेतं ओढ्याच्या अल्याडपल्याड. दोन बैल पोसायची ऐपत दोघांचीही नव्हती. माझा एक मोऱ्या, त्यांचा एक बाशा. म्हणून आमची सावड. दोघांचे एकेक बैल जुंपून एक जोडी, एक दिवस त्यांचं रान, एक दिवस माझं. आमच्या बापांचीही तशीच होती. सावडीचा कायदा सगळ्यांना माहीत असतो. जुळली तोवर जोडी, मोडली की आपापला बैल आपापल्या गोठ्यात. पुढं बैल थकले, तेव्हा ते देऊन आम्ही दोघांत एक जुना ट्रॅक्टर घेतला. काही वर्षं बरी गेली. मग क्लचची प्लेट जळली. ती बदलायची तर ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो. मेकॅनिकनं उघडला. पुढचा अर्धा म्हणजे इंजिन आणि लहान चाकं, मागचा अर्धा म्हणजे गिअरबॉक्स, मोठी चाकं, सीट आणि स्टिअरिंग. तो तसा दुभंगून पडलेला असताना वाद निघाला, की प्लेट कोणाच्या पायानं जळली. एकजण म्हणाला, दुसरा क्लचवर पाय ठेवूनच गाडी हाकतो. (कोण कोणाला म्हणाला ते मी सांगितलेलं नाही. सांगायचं असल्यास तसं लिहा.) वाद वाढला, सावड मोडली, आणि कायद्याप्रमाणं ज्यानं त्यानं आपापला अर्धा घरी नेला. दुसऱ्यांचे बैल लावून ओढत नेला. दोघांनाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

मुंजाजीच्या नाकातून चहा आला. म्हणाला, "आरे, बैल दोन व्हते. ट्रॅक्टर एक हाय." मी त्याला सांगितलं, ते आमच्या नंतर लक्षात आलं.

माझ्या अर्ध्याचं काम मी काढलं आहे. हे फक्त माहितीसाठी. मला तुमच्याकडून काही नको.

आपला (असं लिहायचा रिवाज आहे म्हणून),
ग्यानबा सोनाजी

ता. क. मधल्या ओढ्यावर तालुका बदलतो. त्यामुळं हे पत्र आधी हट्ट्याला, मग वसमतला, तिथून औंढ्याला आणि तिथून तुमच्या तांड्यावर येईल. मी हे लिहितो आहे तिथून तुमच्या चुलीचा धूर दिसतो आहे.


टेंभुर्णवाडी
२१ फेब्रुवारी १९९९

श्री. उत्तमसिंग आडे यांस,

तुमचं कार्ड मिळालं. मी बंद पाकीट पाठवतो आणि तुम्ही उघडं कार्ड. जळबा पोस्टमननं ते माझ्या हातात देण्याआधी पारावर मोठ्यानं वाचलं. "तुमचा मजकूर बराबर हाय. फकस्त बाशा तुमच्या मोऱ्यापेक्षा उंच व्हता, तेवढं राहिलं. माझ्या अर्ध्याला गंज न्हाई. तुमच्या अर्ध्याचं तुमी पाहा." आता गावात जो भेटतो तो आधी मोऱ्याची उंची विचारतो.

माझ्या अर्ध्याचं मी पाहिलं आहे. इंजिन पूर्ण खोललं, घासलं, रिंगा बदलल्या, लाल रंग दिला. मागच्या बाजूचं तेलाचं सील बदललं. कोणत्याही कारणानं नाही, सहज. रविवारी चालू करून पाहिलं. मागं आधार नाही म्हणून लिंबाच्या ओंडक्यांवर चढवून दोरानं बांधलं होतं. पहिल्याच झटक्यात लागलं. असं लागलं की ओंडक्यांसकट सरकत सरकत गोठ्याकडे निघालं. म्हैस दावं तोडून पळाली. कोंबड्या अजून मोजून झालेल्या नाहीत. मी पुढं, मागं, कुठं धरावं ते कळेना, कारण धरायला स्टिअरिंग तुमच्याकडे. शेवटी आमच्या मंडळीनं, सुमननं, ओली गोणी टाकून हवा कोंडली तेव्हा बंद पडलं. ती म्हणाली, "बसायला जागा न्हाई, जायला मागची चाकं न्हाईत, आन् आवाज तेवढा पाटलाचा. तुमच्यावरच गेलंय."

तुमच्या तांड्यातून बातमी येते, की तुम्ही रोज संध्याकाळी मागच्या अर्ध्याच्या सीटवर बसून, स्टिअरिंग धरून चहा पिता. बसा. मला फक्त एवढंच विचारायचं आहे की कुठं निघता?

एक गोष्ट लिहू की नको असं करत होतो. इंजिन लागलं तेव्हा मी सवयीनं ओढ्याकडे पाहिलं. त्याचा तो जुना आवाज ऐकून पलीकडून कोणी हाक मारेल असं वाटलं. मग आठवलं. बाकी सर्व ठीक.

ग्यानबा सोनाजी


मु. टेंभुर्णवाडी, ता. वसमत, जि. हिंगोली
२० जून १९९९

उत्तमसिंग यांस,

वरचा पत्ता नीट पाहा. गेल्या महिन्यात आपला जिल्हा बदलला. मी परभणी जिल्ह्यात झोपलो आणि हिंगोली जिल्ह्यात उठलो, अंगाला काही जाणवलं नाही. तालुके मात्र जागचे हललेले नाहीत, त्यामुळं आपली पत्रं पहिल्यासारखीच वळसा घालून जाणार.

मागच्या बाजारी मुंजाजीकडे गेलो तर भिंतीवर तुमचा फोटो. तुम्ही सीटवर, डोक्याला पटका, एक हात स्टिअरिंगवर, आणि नजर अशी लांब लावलेली की जणू नांदेडच्या पुढं निघालात. पुढं काही नाही. दोन धोंडे आणि एक शेळी. सगळी बैठक त्या फोटोपुढं उभी राहून म्हणत होती, काय मेहनत घेतली माणसानं. बेअरिंगा नव्या, मडगार्ड ठोकून सरळ केलेले, गिअर लोण्यासारखे पडतात म्हणे. मी ऐकत उभा होतो. माझाही फोटो मुंजाजीनं तिथंच लावला आहे. मी इंजिनाजवळ पाना घेऊन उभा, डोळे मिटलेले. त्यानं दोन्ही फोटो एकाला एक लावून ट्रॅक्टर पुरा करायचं पाहिलं, पण नेमकं मधे लाइटीचं बटण आलं.

फोटो रंगीत होता म्हणून कळलं. मागचा अर्धा निळा? आख्ख्या जन्मात तो ट्रॅक्टर लाल होता. मी लाल रंग दिला, तुला मागच्याच पत्रात लिहिलं, वाचलंस ना? मग तुला निळा कुठून सुचला, उत्तम्या? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

वरच्या ओळींत "तू" आलं आहे. खोडाखोड बरी दिसत नाही म्हणून राहू देतो. इथून पुढं पुन्हा तुम्ही.

तुमच्या कार्डावर तुम्ही विचारलं आहे, "सील काहून बदललं? गळत व्हतं का?" त्याचं असं आहे की जुनी वस्तू म्हटली की थोडी ओल असतेच. ती कोणत्या साली सुरू झाली हे काही सीलवर लिहिलेलं नसतं. हा विषय तुम्ही वाढवू नये. म्हशीला तेव्हापासून दूध कमी आहे, घरात आधीच वातावरण बरं नाही.

मुंजाजी म्हणतो, जिंतूरला एका भंगारवाल्याकडे आपल्याच कंपनीचा मागचा अर्धा पडलेला आहे. तो आणून जोडला तर मी दसऱ्याला मिरवू शकतो. तुमच्या कानावर घालतो आहे. विचार चालू आहे.

ग्यानबा सोनाजी


टेंभुर्णवाडी
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, १९९९

उत्तमसिंग,

तुम्ही-तुम्ही करून माझा हात दुखायला लागला. आता तूच लिहितो.

मी जिंतूरला जाऊन आलो. लपवत नाही, घ्यायचं ठरवूनच गेलो होतो. अर्धा चांगला होता. सीट तर आपल्यापेक्षा चांगली, फोमसुद्धा फाटलेला नाही. मी चढून बसलो. स्टिअरिंग धरलं. मग शेजारी पाहिलं तर मडगार्ड रिकामा. आपण दोघं निघालो की एकजण सीटवर आणि दुसरा मडगार्डवर, असंच मला ठाऊक. मला बसवेना. भंगारवाला म्हणाला, "क्या हुआ चाचा?" मी म्हणालो, सीट टोचते. आणि रिकाम्या हातानं एसटी धरली.

आता सील. तुझं मागचं कार्ड जळबानं पारावर वाचलं, सुमननं घरात वाचलं, मग मी वाचलं. "सील गळत व्हतं म्हंजे तेल प्लेटवर गेलं. प्लेट तेलानं जळली. पाय ना तुझा, ना माझा. मंग आपुन काहून भांडलो?" मी वसमतला मेकॅनिकला विचारून आलो. तो म्हणाला, बरोबर आहे. म्हणजे भाकरीएवढ्या एका रबराच्या कड्यापायी आपण तीन वर्षं तोंड फिरवून बसलो. माझा पाय निर्दोष निघाला याचा मला आनंद आहे. तुझ्याही पायाचं अभिनंदन. सील माझ्या अर्ध्यात होतं याचा कोणी काही अर्थ काढू नये. गळत होतं तेव्हा दोन्ही अर्धे दोघांचे होते.

पण शपथेचं काय करायचं? भांडणाचं कारण गेलं आणि शपथ राहिली. लग्न मोडलं तरी मांडव उभा, तसं झालं. बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ काही आपल्या सोयीनं खाली ठेवता येत नाही.

काल पोळा झाला. दोघांकडेही बैल नाही. मी इंजिनाला बेगड लावली, घुंगुरमाळ घातली आणि चार माणसं लावून तोरणाखाली नेलं. गाव हसलं. सोनाजीचं पोरगं वेडं झालं म्हणाले. माझे वडील जाऊन किती वर्षं झाली, तरी गावाला अजून मी पोरगंच. जळबा म्हणाला, "एकला बैल पोळ्यात कोनी आनतं व्हय?" आज कळलं की तूही मागच्या चाकांना गेरू लावून पुरणाची पोळी दाखवलीस. मग मला हसणाऱ्यांचा राग राहिला नाही.

खरी बातमी पुढंच आहे. सुमननं आणि पारुबाई वहिनीनं हट्ट्याच्या बाजारात आपल्याला न विचारता ठरवलं आहे, की दोन्ही अर्धे जोडायचे आणि दसऱ्याला औंढ्याला न्यायचे. त्या दोघींनी कसलीही शपथ घेतलेली नाही. आपण भांडलो त्याच्या दुसऱ्या बाजारापासून त्या एकमेकींशी व्यवस्थित बोलत आहेत, हे मला आता कळतं आहे. तुला माहीत होतं का?

मी एकच मुद्दा काढला. कोणी कोणाकडे जायचं? मी म्हणालो, गाडी बैलाकडे जात नाही, बैलही गाडीकडे सहजासहजी जात नाही, तेव्हा मान ठरला पाहिजे. सुमन म्हणाली, "लगीन हाय का हे? वढ्याच्या खडकावर आना दोघंबी." म्हणजे ना तुझं दार, ना माझं दार, ना वसमत, ना औंढा. मला पटलं.

माझी अट एवढीच की शपथ मोडता कामा नये. जोडताना आपण बोलायचं नाही. एक टाळी म्हणजे पुढं ढकला, दोन टाळ्या म्हणजे थांबा. जळबाला आणि मुंजाजीच्या माणसांना मी सांगून ठेवलं आहे. तुझ्याकडच्यांना तू सांग.

ग्यानबा

ता. क. निळा रंग उन्हात बरा दिसतो असं जळबा म्हणतो. माझं मत राखून ठेवलं आहे.


टेंभुर्णवाडी
५ ऑक्टोबर १९९९

उत्तमसिंग,

येत्या बाजारी बैठकीत सगळे विचारणार. त्याआधी आपला मजकूर एक असावा, म्हणून नेहमीप्रमाणं लिहून पाठवतो. चुकलं तर कळव. तू स्वतः तिथं होतास, पण तुझी पाठ माझ्याकडे होती.

दोन्ही अर्धे खडकावर समोरासमोर आले. पुढचा लाल, मागचा निळा. पारुबाई वहिनी म्हणाल्या, "दोन घरची लेकरं एका फोटूत बसवल्यावानी दिसून राहिलं." तांडा त्या काठाला, वाडी ह्या काठाला, लोक जत्रेसारखे जमले. मी तीन वाशांच्या तिकाटण्याला बांधलेल्या चेनकप्पीची साखळी दोन्ही हातांनी धरलेली, इंजिनाचा भार माझ्यावर. मागचा अर्धा सहाजण ढकलत होते. तू मधल्या फटीत बोटं घालून गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या प्लेटीत बसवत होतास. जळबा टाळ्या वाजवत होता. एक टाळी, बोटभर पुढं. दोन टाळ्या, थांबा. छान चाललं होतं. मी मनात म्हणत होतो, माझी युक्ती.

मग दांडा प्लेटीत शिरला. टक्क असा आवाज झाला. आणि दोन्ही काठांवरच्या लोकांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या.

त्या सहाजणांना काय, टाळी म्हणजे ढकला. त्यांनी जोर लावला. तुझी बोटं अजून फटीत. मला दोन टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हात साखळीत अडकलेले. मी ओरडलो, "उत्तम्या, हात काढ."

हात निघाला. दोन्ही अर्धे खाडकन एकमेकांत बसले. बोटं शाबूत, मी तिथूनच मोजली. मग दोन्ही काठांवरचे लोक माझ्याकडे बघायला लागले, कारण तीन वर्षांत मी तुझ्याशी बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. मी जीभ टाळ्याला लावून पाहिली. होती. तू माझ्याकडे वळलास. तोंड उघडलंस. मी पाहिलं, उत्तमसिंग, तुझं तोंड उघडलेलं होतं आणि त्यात काहीतरी होतं. मग ते मिटलंस. आणि एक टाळी वाजवलीस.

मी बोललो. जीभ झडली तर झडली म्हणून बोललो. आणि तू टाळी वाजवलीस. मुंजाजीच्या बैठकीत हे कसं सांगायचं ते मला समजत नाही, म्हणून एवढा भाग तू लिहून पाठव.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. बोल्ट आवळले, चालू केला, तू सीटवर, मी मडगार्डवर. एक फेरी माझ्या रानात, एक तुझ्या. इंजिन चांगलं बोलत होतं. गिअर खरोखर लोण्यासारखे पडतात, हे मान्य करतो. पण तू समोर बघत होतास, मी बाजूला. पारुबाई वहिनींनी चहा आणला तेव्हा तू त्यांच्याशी बोललास, जळबाशी बोललास, शेळीशीसुद्धा बोललास.

दसऱ्याला तू एकट्यानं ने. मी येणार नाही. औंढ्यापर्यंत मुक्या माणसाच्या शेजारी बसून जायला मला जमणार नाही. ट्रॅक्टर नसताना एवढं वाईट वाटत नव्हतं. माझा अर्धा तुझ्या अर्ध्याबरोबर जाईल, तेवढं पुरे.

ग्यानबा


टेंभुर्णवाडी
दसरा, सकाळ

उत्तम्या,

सुमन आत्ता ओढ्यावरून आली. तिला पारुबाई वहिनी भेटल्या होत्या. वहिनींनी तुला विचारलं म्हणे, की बोटं वाचवणाऱ्या माणसाशी एक शब्द बोलायला तुझं काय जात होतं. आणि तू सांगितलंस.

म्हणजे त्या दिवशी नागनाथासमोर मी पाठ फिरवून एसटीकडे गेलो, आणि मागं तू भंडारा उचलून म्हणालास, "ग्यानबाच्या गळ्याची शपथ, त्याच्याशी बोलनार न्हाई." अरे, भांडण माझ्याशी आणि शपथ घ्यायला गळाही माझाच? पत्ते खेळतानासुद्धा तुझ्या तोंडात दुसऱ्या कोणाचा गळा येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण देवासमोर तरी जरा इकडं तिकडं बघायचंस.

बोललास तर माझं काही बरंवाईट होईल म्हणून तू तीन वर्षं तोंड शिवून बसलास. खडकावर तोंड उघडून मिटलंस ते त्यासाठी. मी त्याला ताठा समजलो. ताठा तुझ्यात आहेच, पण तो वेगळा. मला रडू आलं. सुमननं पाहिलं आहे आणि ती वहिनींना सांगणारच, म्हणून मीच लिहून टाकतो.

ज्याच्या गळ्याची शपथ असते त्यालाच ती सोडता येते. लहानपणी आपण असंच करायचो आणि मोठ्यांचाही कायदा तोच आहे, मी आत्ता आईला विचारून आलो. गळा माझा आहे. मी शपथ सोडली. सुटली, सुटली, सुटली. खाली सही करतो आहे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. हट्टा, वसमत, औंढा फिरून ते तुझ्याकडे येईपर्यंत दसरा संपून जाईल, आणि मला आज मडगार्डवर बसायचं आहे. मी स्वतःच ते घेऊन ओढा ओलांडतो आहे. तू हे वाचतोस तेव्हा मी तुझ्यासमोर उभा आहे. सावकाश वाच, तुला जोडाक्षरं अडतात. पण वाचून झालं की मान वर कर आणि काहीतरी बोल. शिवी दिलीस तरी चालेल.

तुझा,
ग्यानबा